डाव्या कोपऱ्यातलं हसू

६ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. ह्यांचा अर्धपुतळा करायचं ठरलंय. चौकातले दुकानदार आणि पोलीस खातं मिळून करतायत. हे जिथे उभं राहून गाड्या अडवायचे आणि सोडायचे, त्या गोल ओट्याच्या शेजारीच बसवणार आहेत. मार्चमध्ये ह्यांना जाऊन वर्ष होईल, त्या दिवशी पडदा काढायचा. ब्रेक गेलेला ट्रक उतारावरून आला, ह्यांनी शाळेची पोरं मागे ढकलली आणि स्वतः हात वर करून त्याच्यासमोर उभे राहिले, हे तिथे दगडावर कोरणार आहेत. ट्रकवाल्याने ऐकलं नाही असं नव्हतं. त्याची गाडीच त्याचं ऐकत नव्हती. पण एवढं सगळं दगडावर मावत नाही म्हणे.

तुम्हाला त्रास देते आहे तो अशासाठी, की पुतळा करणारे शिल्पकार तुमच्याच गावात आहेत. त्यांची एक पद्धत आहे. माती ओली असेपर्यंत घरच्या एका माणसाने येऊन बघायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. एकदा साचा घेतला की मग कोणी कितीही डोकं आपटलं तरी बदल नाही. मला येणं जमत नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात औषधं देणारी मी एकटीच, आणि भिंगरीला नुकत्याच कांजिण्या येऊन गेल्यात. तेव्हा तुम्हीच जाऊन या. तुमच्याइतकं जवळचं दुसरं आहे कोण?

आता महत्त्वाचं. खात्याने ह्यांचा मोठा फोटो करून दिला, तो मी बाहेरच्या खोलीत लावला. तेव्हापासून भिंगरी त्या खोलीत एकटी जात नाही. विचारलं तर म्हणाली, “बाबा रागावलेत.” हे गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला चेहरा आठवत नाही, फोटोतलाच काय तो माहीत. आणि ह्यांचा एकही हसरा फोटो नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅमेरा दिसला की जबडा आवळायचा. लग्नाच्या फोटोत तर मला अटक करून आणल्यासारखे उभे आहेत.

चौक भिंगरीच्या शाळेच्या वाटेवर आहे. जाता-येता रोज तिला तो चेहरा दिसणार. तिथेही बाबा रागावलेलेच असले, तर ती आयुष्यभर बापाला भिऊन राहील. म्हणून शिल्पकारांना एवढंच सांगा, पुतळा हसरा हवा. मोठं हसू नको, तसे हे हसायचेच नाहीत. ओठाचा फक्त डावा कोपरा जरासा वर.

मास्तरांना नमस्कार सांगा. डोळ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू देऊ नका.

तुमची वहिनी

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी शिलाईचं मशीन झाकून ठेवून तिकडे गेले. गिऱ्हाइकं बसली बोंबलत. लग्नाचे तीन ब्लाउज अर्धवट पडलेत, पण भावाचा पुतळा काही रोज होत नाही.

शेड पत्र्याची आहे, शोधायला मला तासभर लागला. आत फळ्यांवर ओल्या फडक्यांत गुंडाळलेली मुंडकी रांगेनं, न्हाव्याकडे नंबर लावून बसल्यासारखी. शिल्पकार म्हणजे एक म्हातारा. बोलतो कमी, गुरगुरतो जास्त. मी बहीण आहे म्हटल्यावर कपाळाला आठी घालून म्हणाला, बायको का नाही आली, बहिणी आल्या की नाक सुधारतात. आता काय सांगू, मी नाकाबद्दलच बोलायला तोंड उघडलं होतं. मिटलं. पण खरं सांगते, आपल्या ठोंब्याचं नाक इतकंही बसकं नव्हतं गं. थोडं उचलायला काय हरकत होती?

त्याची ती पद्धत ऐक. डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, हात लावा. डोळे उघडे राहिले की लोक मनातल्या मनात फोटोशी ताडून बघतात म्हणे. मी डोळे मिटले. आधी खांदे चाचपले. त्याचे सगळे शर्ट मीच शिवलेत, डावा खांदा बोटभर उतरता होता, म्हाताऱ्याने दोन्ही सरळ केले होते. सांगितलं, त्याने मुकाट्याने खाली दाबला. कान बरोबर होते. मग हात कपाळावर गेला. ती माती गार होती. ताप उतरला की त्याचं कपाळ असंच गार लागायचं आणि मी आईला ओरडून सांगायची, उतरला उतरला. मला तिथे रडू आलं. म्हाताऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, हात धुवायच्या पाण्याचाच, पण प्यायले मी.

हसण्याचं सांगितलं. तो तयार आहे. फक्त एक गोष्ट तुझ्या पत्रात चुकली आहे, कोपरा उजवा. लहानपणी झोपाळ्याची कडी लागून त्याचा डावा कोपरा आतून फाटला होता, टाके पडले होते. वरून काही दिसत नाही, पण तेव्हापासून ती बाजू हलायचीच नाही, हसायचा तो उजव्या कोपऱ्यातूनच. तू घाईत लिहिलं असशील. म्हटलं, तरी एकदा विचारून घ्यावं. म्हाताऱ्याने तोवर तोंड तसंच ठेवलंय.

भिंगरीला माझा मुका. कांजिण्यांचे डाग खाजवू देऊ नकोस, आमच्या घराण्याची कातडी डाग सोडत नाही.

ताई

२५ जानेवारी

ताई,

तुम्ही गेलात, खांदा नीट करून घेतलात, फार बरं वाटलं. वाचताना मलाही रडू आलं. नाक आहे तसंच राहू दे.

पण मी घाईत लिहिलं नव्हतं. मी बाटल्यांवर डोस लिहिणारी बाई आहे, घाईत लिहिण्याची मला सवय नाही. कोपरा डावाच. झोपाळ्याची गोष्ट मला ह्यांनी कधी सांगितली नाही, पण ती खरी असेल. टाके बहुतेक उजवीकडे पडले असतील. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, माणसाची गल्लत होते. मी तर ते हसू अगदी आत्ता-आत्तापर्यंत बघितलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

इकडे ह्यांचे साहेब येऊन गेले. माणूस चांगला आहे, येताना भिंगरीला बिस्किटं आणतो. पण पुतळा हसरा होणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते त्यांना पसंत नाही. म्हणाले, कर्तव्यावर गेलेल्या माणसाचा पुतळा गंभीर असावा, लोकांनी बघून टोपी काढावी, हसरा कसा दाखवायचा? मी चहा ओतत होते, भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, “साहेब, हे गेले तेव्हा हसत नव्हते. जिवंत होते तेव्हा हसायचे.” साहेबांनी कप पुढे ओढला. मग म्हणाले, शिल्पकार ठरवतील ते ठरवतील. म्हणजे तिकडून जरा जरी टाळाटाळ झाली, तरी गंभीर चेहराच बसणार. म्हणून लवकर सांगा.

शेवटचं बघितलं तेव्हा ह्यांचा अर्धा चेहरा पट्टीत होता, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे त्याआधीचंच काय ते आहे, आणि त्यात ही एवढीच गोष्ट मला भिंगरीला द्यायची आहे. ती तरी बरोबर दिली जाऊ दे.

तुमची वहिनी

३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, लगेच उत्तर लिहू नकोस. मी लगेचच लिहितेय.

टाके उजवीकडे पडले असतील म्हणतेस? अगं, मी त्याला कडेवर घेऊन डॉक्टरकडे पळाले होते. माझा फ्रॉक रक्ताने भरला होता. आई घरी नव्हती. डॉक्टर टाके घालत होता तेव्हा त्याचं डोकं मी धरलं होतं, आणि मला डावं-उजवं कळत नाही? रोज दहा माणसांची मापं घेते मी. डावी बाही उजवीकडे लावली असती, तर आजवर कोणी दारात उभं केलं नसतं. त्याला मी न्हाऊ घातलंय, भरवलंय, शाळेत पोचवलंय. तुझा संसार पाच वर्षांचा. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते काही उगाच नाही.

लिहून गेले, आता खोडत नाही. खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशीलच.

काल पुन्हा शेडमध्ये गेले होते. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्याने नुसती मान हलवली. म्हणाला, घरची माणसं डाव्या-उजव्यावरून नेहमीच भांडतात, यात नवीन काही नाही. पण महिनाअखेरीस साचा घ्यायचाय. तोवर तुम्हा दोघींचं एक झालं तर ठीक, नाहीतर तो ओठ सरळ ठेवणार आणि साहेबांना हवा तसा गंभीर पुतळा पाठवून देणार. दोन बायकांत पडून त्याला म्हातारपणी शिव्या खायच्या नाहीयेत.

तेव्हा बघ बाई. तुझा हट्ट चालला किंवा माझा, तर पोरीला हसरा बाप मिळेल. दोघींचे चालले तर रागावलेला.

निघताना त्याने एक निरोप दिला, तो अक्षरशः पोचवते. “त्यांना विचारा, तो हसायचा तेव्हा त्या कुठे असायच्या?” का ते सांगितलं नाही. परत गुरगुरायला लागला.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. आठवडाभर ते औषधांच्या कपाटात ठेवलं, विषारी बाटल्यांच्या खणात. पाच वर्षांचा संसार होता हे खरं आहे. तो मीच तोडला असता तर तुम्ही बोललेलं मी ऐकूनही घेतलं असतं.

असो. पोरीसाठी लिहितेय. शिल्पकारांनी विचारलं आहे त्याचं उत्तर.

आमच्या घराच्या दोनच खोल्या, तुम्ही राहून गेला आहात. ह्यांची ड्युटी अशी की सकाळी लवकर बाहेर, आणि येतील तेव्हा येतील. कोणी मोठा माणूस गावात आला की त्या दिवशी घराचं तोंडही दिसायचं नाही. परत आले की दिवसभराच्या धुराने डोळे लाल, घसा बसलेला. मान खाली घालून जेवायचे आणि आडवे व्हायचे. तेव्हा हसण्याची शक्ती कुठली? आणि समोरासमोर बोलायला हे लाजायचेच. मी समोर बसले की भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचे. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं, मी ह्यांना आवडलेच नाही.

आमचं सगळं बोलणं व्हायचं ते सकाळी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आरसा टांगलेला आहे, तिथे हे दाढी करायचे, मग गणवेश घालून टोपी नीट बसवायचे. मी मागे ओट्याशी डबा भरत असायची. आरशातून हे माझ्याकडे बघायचे आणि बोलायचे. तिथे मात्र तोंड सुटायचं. कोण बाई स्कूटर घेऊन उलटी घुसली, कोणत्या म्हाताऱ्याने दंड भरायच्या ऐवजी ह्यांनाच चार उपदेश पाजले, सगळं. नकलासुद्धा करायचे. मी म्हणायची, टोपी वाकडी आहे. ती वाकडी नसायची. हे तरी हात लावून बघायचे, मग मी थट्टा केली हे कळायचं आणि तो कोपरा वर जायचा. रोज तीच थट्टा, आणि रोज हे फसायचे. मग “चल” म्हणायचे आणि न वळता जिना उतरायचे.

मला ते हसू डोळे मिटले की दिसतं. डाव्या कोपऱ्यात.

आणखी काय सांगू? तुम्ही लहानपणचा भाऊ ओळखता, मी नवरा ओळखते. ह्यात कोणी खोटं बोलत नाही. पण सरळ ओठ बसला तर मी तुम्हाला माफ करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

वहिनी

१६ फेब्रुवारी

शिल्पकार यांस,

मी त्या वाहतूक पोलिसाची बहीण, नाक सुधारायला आले होते ती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. तुम्हाला ते आधीच माहीत असावं असं मला वाटायला लागलंय.

तो हसायचा तेव्हा माझी वहिनी त्याच्या मागे असायची आणि दोघं आरशात बघून बोलायची. माझा भाऊ लहानपणापासून तसाच. आईकडे काही मागायचं असलं की दाराआड उभा राहून मागायचा. तिने त्याचं हसू बघितलं ते काचेतलं, आणि काचेत उजवं ते डावं होतं. तिला हे अजून कळलेलं नाही. तिच्या पत्रात तिने सगळं सरळ लिहिलंय, आणि आपण काय लिहिलंय याचा तिला पत्ता नाही.

मी काल दिवसभर मशीनवर बसले आणि एक टाका सरळ पडला नाही. बरोबर मी आहे. पण मी बरोबर आहे हे तिला सांगायचं म्हणजे तिला काय सांगायचं? की बाई, तू पाच वर्षं नवऱ्याला समोरून हसताना बघितलंच नाहीस? माझ्याच्याने ते लिहवत नाही. आधीच एका पत्रात नको ते लिहून बसलेय.

तेव्हा कोपरा डावा करा. साचा घेऊन टाका. तिला यातलं काही सांगायचं नाही, आणि साहेबांनाही सांगायचं नाही.

त्याची ताई

१८ फेब्रुवारी

बाई,

मला माहीत होतं. बायका आणि न्हावी, दोघांचंही डावं-उजवं असंच चुकतं.

डावा करतो. चौकातल्या लोकांनी त्याला समोरून पाहिलेलं आहे, ते नावं ठेवतील आणि तो बट्टा माझ्या नावाला लागेल, एवढं ध्यानात असू द्या. साहेब काल येऊन गेले, ओठ वर का असं विचारत होते. शिट्टी धरून धरून वाहतूक पोलिसांचं तोंड तसंच होतं, असं सांगितलं. त्यांना पटलं.

नाकाला हात लावलेला नाही.

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू जिंकलीस. कोपरा डावाच.

तुझं पत्र वाचून मी निवांत बसून आठवलं, तर झोपाळ्याची कडी लागली ती उजव्या बाजूला. डॉक्टरकडे मी त्याच्या समोर बसले होते ना, म्हणून माझी डावी ती त्याची उजवी, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं चुकीचं धरून बसले. मास्तर म्हणाले, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, पण आज जळलेला बघतोय. म्हाताऱ्याला सांगून आले, तो ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस साचा घेईल.

आणि ते कानामागून आली वगैरे जे लिहिलं, त्याबद्दल काय म्हणू? तू पत्र विषाच्या खणात ठेवलंस, ठीकच केलंस. मला राग तुझा नव्हता गं. त्याच्याबद्दल काही सांगायला उरलेली आपण दोघीच, आणि दोघींचं सांगणं वेगळं निघालं, तर मग तो कोणता होता असं मला झालं. आता जाऊ दे.

मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलंय. त्यांना एकटं टाकून मला समारंभाला येता येणार नाही, याचं फार वाईट वाटतंय. तू सगळं लिही. कोण काय बोललं, भिंगरीने काय केलं, सगळं. भाषणांचं मात्र नको.

ताई

१५ मार्च

ताई,

मास्तरांची पट्टी सुटली का? थेंब वेळच्या वेळी घाला, आणि त्यांना पेपर वाचू देऊ नका. ते ऐकणार नाहीत. पेपर लपवा.

समारंभ पार पडला. भाषणांचं लिहू नको म्हणालात, लिहीत नाही. साहेबांनी पडदा ओढला तो अर्ध्यावर अडकला. मग एक शिपाई शिडी लावून चढला आणि त्याने तो सोडवला. ह्यांना हे फार आवडलं असतं, दुसऱ्या दिवशी नक्कल नक्की होती. खांदा उतरता आहे. नाक बसकं आहे, आणि ते तसंच आहे म्हणून छान आहे. भिंगरी आधी माझ्या मागे लपली. मग हळूच बाहेर आली, तोंड वर करून बघत राहिली. बघून झाल्यावर मला म्हणाली, “हे आपले बाबा. फोटोतले नाहीत.” आता रोज शाळेत जाताना ओट्यापाशी थांबायचं असतं. काल तर डबा उघडून दाखवत होती. रागावलेत असं एकदाही म्हणाली नाही. ताई, हे तुमच्यामुळे झालं. मला एवढंच हवं होतं.

आता दुसरं. ते लिहावं की नाही असं झालं होतं, पण तुमच्या-माझ्यात आता आणखी काही राहू नये.

तुमचं ‘तू जिंकलीस’ पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. तुम्ही आणि हार? शर्टाच्या बटणाच्या रंगावरून तुम्ही ह्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होतात, ते मला माहीत आहे. पण मी स्वतःला म्हटलं, चांगलं झालंय ना, उगाच खोदू नकोस. मग एका सकाळी भिंगरीची वेणी घालताना तिला स्टुलावर उभं केलं, त्याच आरशासमोर. बाबा कसे हसायचे ते मी तिला शिकवत होते. दोन-चारदा चुकलं, मग बरोबर जमलं. हुबेहूब. मला इतका आनंद झाला की शेजारच्या काकूंना हाक मारली, आणि पोरीला खांद्याला धरून त्यांच्याकडे वळवलं, दाखव गं म्हणून. तिने दाखवलं. हसू दुसऱ्या बाजूला होतं.

पुन्हा आरशाकडे वळवलं, बरोबर. पुन्हा माझ्याकडे वळवलं, चूक. काकू म्हणाल्या, पोरीला भोवऱ्यासारखी काय फिरवतेस? मी दवाखान्यात जाऊन तुमची सगळी पत्रं परत वाचली, आणि तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या लक्षात आलं.

साचा घ्यायचा होता त्याला अजून दोन-तीन दिवस होते. डॉक्टरीणबाईंच्या फोनवरून मी शिल्पकारांचा नंबर फिरवला. पलीकडून “हां, बोला” असं गुरगुरणं ऐकू आलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. बोलायला काय लागत होतं? उजवा करा, एवढंच. पुतळा खरा झाला असता. झोपाळा, टाके, तुमचा रक्ताने भरलेला फ्रॉक, सगळं खरं आहे, आणि मी एका लाजऱ्या माणसाला पाच वर्षं काचेतच बघितलं हेही खरं आहे. त्या दिवशी मी फार रडले. पाच वर्षांत एकदा तरी ह्यांना खांद्याला धरून माझ्याकडे वळवायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं. अजूनही वाटतं.

पण मी रिसीव्हर ठेवून दिला. का ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. काल सांगता आलं.

चौकातला फळवाला तुम्हाला आठवत असेल, ओट्याच्या समोरच त्याची गाडी असते. हे दिवसभर त्याच्याकडे तोंड करून उभे असायचे. काल भिंगरीला घेऊन थांबले होते, तर तो हातातली पिशवी खाली ठेवून जवळ आला. बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बाई, राग मानू नका, पण बनवणाऱ्याची जरा चूक झालीय, शाळेची पोरं रस्ता ओलांडून गेली की हे साहेब हसायचे, पण ते ह्या बाजूने. आणि स्वतःच्या उजव्या गालावर बोट ठेवून त्याने मला दाखवलं. हे चौकातही हसायचे, ते मला त्याच्याकडूनच कळलं. बरं वाटलं ऐकून.

मी त्याला म्हटलं, “इथे तसे हसत असतील. घरी असेच हसायचे.”

तुमची वहिनी